टेस्ला ‘दुर्मिळ’ आहे म्हणतात, ते तपासायचं कसं?

जुन्या टेस्लाच्या जाहिरातीत ‘रेअर’ हा शब्द आला की किंमत दोन-तीन हजार डॉलरनं वर गेलेली असते. भारतातून नुकत्याच आलेल्या, पहिलीच इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्या माणसाला त्या शब्दाचा खरेखोटेपणा कळायला काही मार्ग नसतो. मलाही नव्हता. मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहते. ह्या गाड्या जिथे बनल्या तो कारखाना, पूर्वीचा जनरल मोटर्स आणि टोयोटाचा, आमच्या घरापासून जवळच आहे. आजूबाजूला मराठी घरं इतकी आहेत की दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी जाहिरात पाठवतं आणि विचारतं, ‘‘ताई, ही खरंच रेअर आहे का हो?’’ म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

मी मुख्यतः २०१२ ते २०१६ मधल्या मॉडेल एसबद्दल लिहिणार आहे, मॉडेल ३ ओघात येईल. त्या वर्षांतल्या मॉडेल एसमध्ये बॅटरी, रंग, छत, सीट, सस्पेन्शन असं बरंच काही गिऱ्हाइकाला निवडता यायचं. शिवाय ही कंपनी बदल करायला नव्या वर्षाच्या मॉडेलची वाट पाहत नाही. आज यादीत असलेला पर्याय पुढच्या महिन्यात गायब होतो. त्यामुळे एकाच वर्षाच्या, वरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या आतून बऱ्याच वेगळ्या असू शकतात. दुर्मिळपणा जन्मतो तो इथेच, आणि त्याच्या नावानं फसवणूकही इथेच होते.

रस्त्यावर कमी दिसणारी गाडी आणि दुर्मिळ गाडी एकच नव्हे. माझ्या हिशेबानं तीन गोष्टी जुळल्या तरच गाडी दुर्मिळ: ती मांडणी कारखान्यानं थोडाच काळ किंवा मोजक्याच संख्येनं दिली असली पाहिजे, ती नंतर बाहेरून बसवता किंवा पुसता येऊ नये, आणि ती मूळची तशीच आहे हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. तिला जास्त पैसे द्यायचे का, हा त्यानंतरचा प्रश्न.

हाताशी काय हवं

- पूर्ण १७ अक्षरांचा व्हिन नंबर (भारतात आपण ज्याला चासी नंबर म्हणतो तो)
- मूळ खरेदीचा करारनामा, ज्यात प्रत्येक पर्याय आणि त्याची किंमत ओळीनं लिहिलेली असते
- नवी असताना काचेवर लावलेला किमतीचा स्टिकर, मिळाला तर
- ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या लेबलचा फोटो
- टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, आणि गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचं पत्र
- अपघात आणि मालकी इतिहासाचा अहवाल
- एक चांगली बॅटरी, म्हणजे टॉर्च, आणि दिवसाउजेडी पाहायला दोन तास

१. दावा एका वाक्यात लिहून घ्या

विक्रेत्याला विचारा, ‘‘नेमकं काय दुर्मिळ आहे?’’ आणि उत्तर लिहून घ्या. ‘फुल्ली लोडेड आहे’ हे उत्तर धरू नका. ‘पी-८५-प्लस आहे’ (पी म्हणजे जास्त वेगवान, ८५ म्हणजे बॅटरीची क्षमता), ‘हिरवा रंग कारखान्याचा आहे’, ‘सिग्नेचर मालिकेतली आहे’ अशी वाक्यं तपासता येतात. चाकं, मागची अक्षरं, स्पॉयलर, सीटकव्हर ह्यांच्यावर उभा असलेला दावा तिथेच सोडून द्या, कारण ह्या गोष्टी शनिवारी सकाळी बदलून घेता येतात. मागच्या पत्र्यावरचं ‘पी-८५’ तर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवरही उभं राहतं.

२. तो पर्याय कधी सुरू झाला आणि कधी बंद झाला, ते शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो ह्या पायरीला. काही उदाहरणं देते, म्हणजे काय शोधायचं ते लक्षात येईल.

मॉडेल एसची पहिली डिलिव्हरी जून २०१२ मध्ये झाली. त्या आधी ज्यांनी ४०,००० डॉलर अनामत भरली त्यांच्यासाठी ‘सिग्नेचर’ मालिका होती आणि उत्तर अमेरिकेसाठी तिची संख्या १,००० ठेवली होती. सिग्नेचर रेड हा लाल रंग त्या मालिकेसाठी राखलेला होता. इथे आकडा कंपनीनंच जाहीर केलेला आहे, आणि मालिका पुन्हा निघणार नाही. हा दुर्मिळपणा पक्का.

मोठ्या चाकांची, वेगळ्या सस्पेन्शनची पी-८५-प्लस २०१३ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये दोन मोटरींच्या गाड्या जाहीर झाल्या तशी यादीतून गेली. जेमतेम दीड वर्षाचं आयुष्य. धातूची चमक असलेला हिरवा आणि तपकिरी हे सुरुवातीच्या वर्षांतले रंग. लोकांनी ते फार घेतले नाहीत, आणि पुढे कंपनीनं ते काढून टाकले. आज हिरव्या गाडीसाठी माणसं दोन राज्यं ओलांडून येतात.

मॉडेल ३ चंही तसंच. ऑक्टोबर २०१८ मध्ये २६० मैल रेंजची ‘मिड रेंज’ आली आणि २०१९ च्या वसंतापर्यंत संपली. सप्टेंबर २०१८ मध्ये कारखान्याचं काम सोपं करायला सातांपैकी दोन रंग, ऑब्सिडियन ब्लॅक आणि मेटॅलिक सिल्व्हर, नेहमीच्या यादीतून बाहेर काढले. त्यानंतरच्या काळात घेतलेली सिल्व्हर गाडी आणि आधीची सिल्व्हर गाडी ह्यांत म्हणून फरक आहे. रंग तोच, पण नंतरच्यांनी तो मुद्दाम मागून घेतलेला.

दाराच्या खांबावरच्या लेबलवर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते छापलेलं असतं. ते त्या पर्यायाच्या काळाशी लावून पाहा. विक्रेता ज्या पर्यायाचं नाव घेतो तो त्या महिन्यात मिळतच नसेल, तर बोलणं तिथेच थांबवा.

३. सॉफ्टवेअरनं तो दुर्मिळपणा पुसता येतो का?

पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत हा प्रश्नच नसतो, म्हणून अनुभवी माणसंही इथे चुकतात.

२०१३ च्या एप्रिलच्या तोंडावर कंपनीनं ४० किलोवॅट-अवर क्षमतेच्या बॅटरीची मॉडेल एस रद्द केली, कारण एकूण बुकिंगपैकी फक्त ४ टक्के लोकांनी ती मागितली होती. ज्यांनी मागितली होती त्यांना ६० ची बॅटरी बसवून, सॉफ्टवेअरनं ती ४० वर अडवून दिली. संख्येनं ह्या गाड्या खरंच थोड्या. पण मालकानं पैसे भरले की कुलूप निघायचं आणि गाडी साधी ६० व्हायची. म्हणजे मालक जितका शहाणा, तितका हा दुर्मिळपणा लवकर संपणारा. २०१६ मध्ये परत आलेली ‘६०’ ही अशीच, आत ७५ ची बॅटरी असलेली. ३५,००० डॉलरची मॉडेल ३ ‘स्टँडर्ड रेंज’ एप्रिल २०१९ पासून वेबसाइटवरून काढली आणि फोन करून किंवा दुकानात जाऊनच मिळू लागली. तीसुद्धा ‘स्टँडर्ड रेंज प्लस’च होती, फक्त रेंज आणि काही सोयी सॉफ्टवेअरनं कमी केलेल्या.

ह्या गाड्यांचा इतिहास मला फार आवडतो. पण त्यांच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. उलट, अडवलेली मोठी बॅटरी रोज शंभर टक्के चार्ज केली तरी तिच्यावर ताण कमी येतो, ह्या व्यावहारिक फायद्यासाठी त्या बाजारभावात घ्याव्यात.

फुकट सुपरचार्जिंगचं, म्हणजे टेस्लाच्या जलद चार्जिंग केंद्रांवर पैसे न देता चार्ज करण्याचंही इथेच सांगते. ते गाडीला ‘दुर्मिळ’ करत नाही, आणि दुसऱ्या मालकाकडे ते जाईलच असंही नाही. गाडी मध्ये कुणा दुकानदाराकडून फिरली असेल तर ते निघून गेलेलं असू शकतं. विक्रेत्याच्या आठवणीवर विसंबू नका, त्या व्हिनवर ते आज आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

४. व्हिन अक्षर अक्षर वाचा

पहिली तीन अक्षरं, ५-वाय-जे, म्हणजे टेस्ला. चौथं अक्षर मॉडेल. दहावं वर्ष: सी म्हणजे २०१२, डी २०१३, ई २०१४, एफ २०१५, जी २०१६. अकरावं एफ म्हणजे फ्रीमाँट. आणि २०१२ ते २०१४ मधल्या मॉडेल एसमध्ये बारावं अक्षर फार बोलकं आहे: पी असेल तर नेहमीच्या उत्पादनातली, एस असेल तर सिग्नेचर.

मी पहिल्यांदा जी गाडी बघायला गेले ती जाहिरातीत ‘सिग्नेचर रेड, १,००० पैकी एक’ होती. दीड तास गाडी चालवत गेले. लाल रंग उन्हात असा काही खुलला होता की मनातून मी ती घेतलीच होती. मग काचेच्या खालच्या कोपऱ्यातला नंबर बोट ठेवून वाचत गेले, आणि बाराव्या जागी पी. दहाव्या जागी डी, म्हणजे २०१३. त्या वर्षी सगळ्यांसाठी ‘मल्टि-कोट रेड’ हा दुसरा लाल आला होता, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक पटकन कळत नाही. विकणाऱ्याला हे ठाऊकच नव्हतं. त्याला आधीच्या मालकानं जे सांगितलं तेच तो सांगत होता. मी तशीच परत आले.

तेव्हापासून मी कुणालाही सांगते, की घरातून निघण्याआधी व्हिन मागा. देत नसेल तर जाऊ नका. आणि लक्षात ठेवा, रंग, सीट, छत ह्यांतलं काहीही व्हिनमध्ये नसतं. हिरव्या गाडीचा व्हिन तुम्हाला ती हिरवी आहे हे सांगणार नाही. प्रत्येक सिग्नेचर लालच असते असंही नाही.

शेवटचे आकडे क्रमांकाचे. ‘खालचा नंबर’ म्हणून जास्त पैसे मागणारे भेटतील. क्रमांक छोटा असणं म्हणजे गाडी आधी बनली इतकंच, आणि तेही ढोबळमानानं.

५. कागदावरचे कोड जुळवा

रंगाचा आणि आतल्या सजावटीचा भक्कम पुरावा म्हणजे मूळ खरेदीचा करारनामा. प्रत्येक पर्यायाला कंपनीचा चार अक्षरांचा कोड असायचा: पी-एम-एस-जी म्हणजे धातूची चमक असलेला हिरवा, पी-एम-ए-बी तपकिरी, पी-पी-एस-आर सिग्नेचर रेड. करारनाम्यावर रंगाचं नाव शब्दांतही असतं. काचेवरचा किमतीचा स्टिकर अमेरिकेत १९५८ च्या कायद्यानं प्रत्येक नव्या गाडीला लावावा लागतो, पण बहुतेकांनी तो फेकून दिलेला असतो. कुणी जपला असेल तर त्या मालकानं गाडीही जपली असणार, असा माझा अनुभव आहे.

व्हिन टाकला की पर्यायांची यादी देणाऱ्या फुकट सोयी आहेत. त्यांच्यावर एकट्यावर निर्णय घेऊ नका. काही नुसत्या व्हिनच्या अक्षरांवरून अंदाज बांधतात आणि तो खात्रीच्या सुरात छापतात.

६. गाडी उघडून पाहा

तपकिरी गाडीची गोष्ट सांगते. कागद नव्हते, पण रंग अगदी जुन्या जाहिरातीतल्यासारखा, गडद गुळाच्या ढेपेसारखा. पुढची डिकी उघडली, कडेचं रबर बोटानं बाजूला केलं आणि टॉर्च मारली. आत चंदेरी. दाराच्या बिजागरीपाशीही चंदेरी. कुणीतरी फार सफाईनं तपकिरी फिल्म चढवली होती.

म्हणून पाहायच्या जागा: पुढच्या आणि मागच्या डिकीच्या रबराखाली, दारांच्या बिजागरीपाशी, चार्जिंगच्या झाकणाच्या आतल्या कडेला. नव्यानं रंग दिलेला असेल तर रबरावर रंगाची बारीक रेघ किंवा स्क्रूच्या डोक्यावर रंग सापडतो. कागद आणि रबराखालचा रंग एकच सांगत असतील तरच रंग मूळचा.

मागच्या डिकीतल्या उलट्या तोंडाच्या लहान मुलांच्या सीटांबद्दल थोडं थांबून वाचा. माझ्या मुलीला त्याच हव्या होत्या, आणि त्या असलेल्या गाड्यांना मागणी आहे. कारखान्यातून त्या सीटांसह आलेल्या गाडीला मागच्या बंपरच्या आत मजबुतीची जास्तीची आडवी पट्टी असते. सीट नंतर कुठूनतरी आणून बसवल्या असतील तर ती पट्टी नसते, आणि मागून धडक बसली तर मूल आणि पत्रा ह्यांत अंतर फार थोडं उरतं. इथे प्रश्न पैशांचा नाही. करारनाम्यात सीटांची ओळ दिसली नाही तर त्या सीटांवर मुलांना बसवू नका.

बॅटरीचं लेबलही पाहून घ्या. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की प्रवाशाच्या बाजूच्या पुढच्या चाकामागे बॅटरीच्या कोपऱ्यावर ते दिसतं. मोबाइल आत धरून फोटो काढा. अगदी सुरुवातीच्या, पार्ट नंबरच्या शेवटी ए अक्षर असलेल्या बॅटऱ्या सुपरचार्जरवर साधारण ९० किलोवॅटच्या वर घेत नाहीत, आणि अनेक सिग्नेचर गाड्यांत त्याच होत्या. पुष्कळ गाड्यांची बॅटरी वॉरंटीत बदललीही गेली. वापरायला गाडी घेणाऱ्यासाठी बदललेली बॅटरी चांगलीच. ‘सगळं मूळचं’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला मात्र हा फोटो दाखवा.

७. ‘अमुकपैकी एक’ ह्या गुणाकारापासून सावध

‘जगात अशा फक्त पाच गाड्या आहेत.’ हे वाक्य कसं तयार होतं ते पाहा. समजा एका वर्षी ४०,००० गाड्या बनल्या. विसातली एक हिरवी, म्हणजे २,०००. त्यांतल्या दहातल्या एकीत उलट्या सीट, राहिल्या २००. त्यांतल्या दहातल्या एकीचं आतलं चामडं फिकं तपकिरी, राहिल्या २०. त्यांतल्या चारातल्या एकीला विशिष्ट चाकं. झाल्या पाच.

ह्यात दोन दोष आहेत. एक, रंग किती गाड्यांना दिला, सीट किती गाड्यांत बसवल्या ह्याचे आकडे कंपनी सहसा देत नाही. फिरणारे आकडे बहुधा हौशी मालकांनी आपापसात भरलेल्या याद्यांवरून येतात, आणि अशी यादी भरणारे मुळातच वेगळ्या गाड्या घेणारे असतात. दोन, पर्याय एकमेकांपासून सुटे नसतात. ज्यांना दोन-तीन मुलं आहेत ते उलट्या सीट घेतात आणि तेच लोक विशिष्ट छत, विशिष्ट चामडं निवडतात. काही पर्याय तर एकत्र बांधूनच विकले जात. मग नुसता गुणाकार चालत नाही.

आणि अटी वाढवत गेलं की कुठलीही गाडी एकमेव होते. माझ्या शेजाऱ्यांची पांढरी मॉडेल वाय सोसायटीतल्या चौथ्या क्रमांकाच्या जागेवर उभी असते, तशी दुसरी कुठेच नाही. म्हणून दाव्यातली एकेक अट काढून पाहा आणि विचारा, हिच्यासाठी कुणी मुद्दाम शोधत येईल का? हिरव्या रंगासाठी येतात. उलट्या सीटांसाठी येतात. चाकांसाठी कुणी येत नाही. ज्या अटी उरतात त्यांच्यावरच बोला.

८. आता पैशांचं

दुर्मिळ आहे हे सिद्ध झालं, तरी रोजच्या वापरासाठी गाडी घेत असाल तर बॅटरीची तब्येत, मोटर आणि स्क्रीन ह्यांना आधी महत्त्व द्या. मॉडेल एस (२०१२ ते २०१८) आणि मॉडेल एक्स (२०१६ ते २०१८) मिळून १,३४,९५१ गाड्यांचं, स्क्रीनच्या मेमरी चिपमुळे, २०२१ च्या फेब्रुवारीत रिकॉल झालं होतं, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीनं त्या परत बोलावल्या होत्या. ते काम झालंय का, हे सरकारी रिकॉल तपासणीत व्हिन टाकून फुकट कळतं. २०१५ च्या मध्याच्या आधीच्या गाड्यांत ३जी मोडेम होता आणि एटी अँड टी ह्या मोबाइल कंपनीनं २०२२ च्या फेब्रुवारीत ते जाळं बंद केलं. मोडेम बदललेला नसेल तर नकाशे आणि मोबाइलवरचं ॲप नीट चालणार नाही. सुरुवातीच्या गाड्यांची आठ वर्षांची बॅटरी वॉरंटीही केव्हाच संपली आहे. दुर्मिळ रंगाखाली थकलेली बॅटरी निघाली तर रंगाचे सगळे जादा पैसे तिथेच बुडाले.

विम्याचाही विचार करा. साध्या पॉलिसीत गाडी निकामी झाली तर कंपनी बाजारभाव देते, आणि तिच्या लेखी हिरवी आणि पांढरी जवळजवळ सारखीच. आधीच ठरवलेल्या रकमेची पॉलिसी मिळते, पण तिच्यासाठी पुन्हा तोच करारनामा आणि फोटो लागतात.

मी शेवटी २०१३ ची हिरवी, उलट्या सीटांची गाडी घेतली. मागणी होती बाजारभावापेक्षा तीन हजारांनी जास्त. कागद पूर्ण होते, रबराखाली हिरवाच रंग होता, पण मोडेम जुना होता. बाराशे जास्त देऊन व्यवहार झाला, आणि ते बाराशे मला जड वाटले नाहीत.

९. व्यवहाराच्या दिवशी

टायटलवरचा आणि काचेखालचा व्हिन एकच आहे ना ते पाहा. टायटलवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘सॅल्व्हेज’, म्हणजे मोठ्या नुकसानीमुळे मोडीत धरलेली, असा शिक्का असेल तर कितीही दुर्मिळ असली तरी सोडा. कॅलिफोर्नियात इलेक्ट्रिक गाडीला धुराचं प्रमाणपत्र लागत नाही. घेणाऱ्यानं दहा दिवसांत डीएमव्हीकडे (इथलं आरटीओ) मालकी नावावर करायची असते, विकणाऱ्यानं पाच दिवसांत गाडी दिल्याचं कळवायचं असतं.

आणि एक काम सगळ्यांच्या आधी. विक्रेता त्याच्या टेस्लाच्या खात्यातून गाडी तुमच्या खात्यात टाकतो, तेव्हा त्याचा खरेदीचा करारनामा तुमच्याकडे येत नाही, आणि त्याच्याही खात्यातून गाडी निघून जाते. त्यामुळे गाडी त्याच्या नावावर दिसतेय तोवर, त्याच्या शेजारी बसून, करारनाम्याची पीडीएफ उतरवून घ्या आणि स्वतःला ईमेल करा. ईमेल पोचल्याचं मोबाइलवर दिसलं की मगच त्याला खातं बदलायला सांगा.